समाजमाध्यमांतील सहाध्याय

महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलाच्या हातांत पुस्तकाऐवजीं मोबाइल दिसला, कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. "अभ्यास त्यांतच आहे," असें उत्तर मिळतें, आणि तें सर्वस्वी खोटें नसतें. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी लागली, तेव्हांपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टिपणें व स्वाध्याय धाडण्याचा प्रघात चांगलाच रूढ झाला आहे. परंतु टिपणें हातीं आलीं म्हणजे विद्या आली काय? पूर्वीं फळ्यावरचें उतरून घ्यावयास निदान हात तरी चालवावा लागे; आतां तेहि श्रम उरले नाहींत.

विद्येचा चौथा हिस्सा सहाध्यायांकडून मिळतो, असें आपले पूर्वज मानीत. एकानें पक्ष मांडावा, दुसऱ्यानें आक्षेप घ्यावा, आणि चारचौघांसमोर उत्तर देतांना पहिल्याची समजूत पक्की व्हावी, हें त्यांतील मर्म. समाजमाध्यमांचा विद्यार्जनास खरा उपयोग झालाच, तर तो येथेंच होईल.

या बाबतींत पुण्यास झालेला एक प्रयोग मननीय आहे. २०११ सालीं विकिमीडिया फाउंडेशननें तेथील कांहीं महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहवून घेण्याचा उपक्रम आरंभिला. विकिपीडिया हें गप्पागोष्टींचें स्थळ नव्हे. तथापि तेथें अनेकांनीं मिळून लिहावयाचें व परस्परांचें तपासावयाचें असतें, म्हणून उदाहरण लागू पडतें. कल्पना उत्तम होती. एरव्हीं परीक्षकाखेरीज कोणीहि न वाचणार असा निबंध जगासमोर जाणार होता! पण पुष्कळ मुलांनीं दुसऱ्यांचा मजकूर जशाचा तसा उतरविला. तो शोधून काढतां काढतां स्वयंसेवक संपादक थकले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत उपक्रम आटोपता घ्यावा लागला. दोष केवळ मुलांस देणें मला अन्यायाचें वाटतें. शाळेपासून ज्यांना शब्दशः उत्तरासच गुण मिळाले, त्यांनीं एकाएकीं स्वतःच्या शब्दांत लिहावें कसें?

आमच्या गांवचेंच उदाहरण घेतों. महाळुंगे पडवळ हें हुतात्मा बाबू गेनू सैद यांचें जन्मगांव. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापडाची मालमोटार अडवितांना त्यांनीं प्राण दिला. दरवर्षीं त्या दिवशीं तोच तो मजकूर मोबाइलांवरून फिरतो. धाडणारा तरी तो वाचतो कीं नाहीं, याची मला शंकाच आहे. इतिहासाच्या प्राध्यापकानें तो आपल्या गटावर घालून एवढेंच विचारावें, कीं यांतील कोणतें वाक्य कशाच्या आधारें लिहिलें आहे? एकानें त्या वेळचीं वर्तमानपत्रें पाहावीं, दुसऱ्यानें वाडवडिलांकडून हकीकत ऐकलेल्या गांवकऱ्यांस भेटावें, तिसऱ्यानें दोहोंतील विसंगति दाखवावी. वर्गांत तोंड न उघडणारी एखादी मुलगीहि तेथें लिहूं लागेल. प्राध्यापकांनीं मात्र उत्तरांस आठवड्यांतून दोनदां तरी प्रत्युत्तर दिलें पाहिजे. नाहीं तर गट पुन्हां सुप्रभाताच्या फुलांनीं भरावयास वेळ लागत नाहीं.

ज्यांच्या घरीं असा विद्यार्थी आहे, त्यांनीं "किती वेळ मोबाइल पाहिलास?" असें न विचारतां, "आज तेथें काय लिहिलेंस, आणि त्यावर कोणीं हरकत घेतली?" असें विचारून पाहावें.