दोन लक्ष्मीबाई आणि एक आई

परवा आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. आदल्या रात्री तिला आमची वंशावळ पाठवली होती. चष्मा वर-खाली करत बराच वेळ तिने ती बघितली आणि मग म्हणाली, "अरे, यात मी दोनदा कशी?"

खरं म्हणजे हा माझा दुसरा प्रयत्न होता. पहिला तिला दाखवायची हिंमतच झाली नव्हती!

झालं असं, की काकांनी आणि मामांनी आपापल्या घराण्याची माहिती पाठवली आणि मी ग्राफविझसाठी दोन वेगळ्या फायली केल्या. ज्यांना ग्राफविझ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोण कोणाशी जोडलेलं आहे एवढंच मजकुरात लिहायचं, कुणाला कुठे बसवायचं ते प्रोग्राम ठरवतो. त्यातल्या 'डॉट'ची पद्धत गान्सनर, कुत्सोफिओस, नॉर्थ आणि व्हो या चौघांनी १९९३ साली एका शोधनिबंधात मांडली. तेव्हा ते इथेच, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये होते.

तर पहिल्या प्रयत्नात मी दोन्ही फायलींचा मजकूर एकाखाली एक चिकटवून टाकला. डॉटच्या भाषेत एका फाईलमध्ये नाव तेच असेल तर बिंदूही तोच. जागा वाचवायला मी आडनावं गाळलेली, आणि माझ्या दोन्ही आज्या लक्ष्मीबाई.. दोघींची मिळून एक चौकट झाली आणि तिच्याखाली माझे आई-बाबा सख्खे बहीणभाऊ म्हणून उभे राहिले.

यावर उपाय म्हणजे 'जीव्हीपॅक' ही छोटीशी कमांड. प्रत्येक फाईल आधी डॉटमधून काढायची, म्हणजे प्रत्येक चौकटीची जागा ठरून त्या फाईलमध्ये लिहिली जाते. मग त्या तयार आकृत्या जीव्हीपॅकला द्यायच्या. तो त्यांची आतली मांडणी मोडत नाही, फक्त सगळ्या एका कागदावर रचून एकच फाईल देतो. शेवटी 'नीटो -एन२' चालवलं की चित्र तयार. रचताना तो जागेची काटकसर करतो. एका आकृतीच्या पोकळीत दुसरीचा तुकडा सरकवतो, त्यामुळे मामा काकांच्या घोळक्यात जाऊन बसू शकतात. ते नको असेल तर '-जी' द्यायचं, मग प्रत्येक घराणं आपापल्या चौकोनात राहतं. जागा जास्त लागते, पण वंशावळीला तेच बरं.

आता मुद्द्याचं. दोन आकृत्यांत एकच नाव आलं तर जीव्हीपॅक त्यांना जोडत नाही. इशारा देतो आणि एकीच्या नावामागे '_जीव्ही' आणि एक आकडा लावून तिला वेगळी ठेवतो. चौकटीवरचं लेबल मी वेगळं लिहिलं होतं, म्हणून कागदावर दोघी लक्ष्मीबाईच राहिल्या, पण दोन. ऑफिसातला एक मित्र यावर नाक मुरडतो. "एवढं हुशार सॉफ्टवेअर, सारखी नावं आपोआप जोडायला काय होतं?"

मला वाटतं, न जोडण्यातच त्याचं शहाणपण आहे. पीएचडीच्या वेळी आम्ही दोन गटांच्या आकृत्या अशाच नावावरून जोडल्या होत्या. दोन्हींत 'पंप-१' होता, पण पंप दोन वेगळ्या खोल्यांत होते. नसलेली एक नळी शोधण्यात आमचा आठवडा गेला. चुकून वेगळं राहिलेलं निदान डोळ्यांना दिसतं. चुकून एक झालेलं दिसतच नाही, कारण चित्र उलट जास्तच सुबक येतं.

आणि नाव जुळणं हा पुरावा कुठे असतो? आमच्याकडे पणजोबांचं नाव विष्णू गणेश आणि बाबांचंही विष्णू गणेश. उलट आई माहेरची कुमुद. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'वैशाली' लिहिलं आणि ती वैशाली झाली. मामांच्या फाईलमध्ये कुमुद, काकांच्या फाईलमध्ये वैशाली. या दोघी एकच आहेत हे कुठल्या प्रोग्रामने ओळखावं? ते मला माहीत आहे, तेव्हा ते लिहायचं कामही माझंच.

हे मी आईला जमेल तसं सांगितलं. (पंप वगळून.) तिचं लक्ष भलतीकडेच होतं. म्हणाली, "काकांच्या कागदावर सगळ्या सुनांच्या डोक्यावर काहीच नाही रे. आम्ही काय वरून पडलो?"

बरोबर होतं तिचं. काकांनी सुनांची फक्त नावं दिली होती, आणि मी तशीच टाईप केली होती.

मग तिच्यासमोरच जीव्हीपॅकने दिलेली फाईल एडिटरमध्ये उघडली आणि कुमुदपासून वैशालीपर्यंत एक तुटक रेघ लिहिली. '-एन२'ची गंमत अशी, की आधीच्या चौकटी आणि रेघा जागच्या हलत नाहीत, फक्त नवी रेघ काढली जाते. ती सरळसोट दोन चुलत भावांच्या अंगावरून गेली, पण गेली.

पुन्हा पाठवलं. आईने मोठं करून बघितलं.

"ही रेघ अशी तुटक का?"

म्हटलं, "ती प्रोग्रामची नाही, मी हाताने घातली आहे. कळावं म्हणून."

"मग नीट काढ की."

शनिवारी अखंड करून पाठवतो आहे. काकूंच्या माहेरची नावंही मागवली आहेत.