गावाची उधारी

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्याला ती लागू पडते, तशीच सरकारला माल विकणाऱ्यालाही पडते. फरक एवढाच की, दाखला मागणाऱ्याचे नुसते सहा महिने जातात. माल विकणाऱ्याचे सहा महिन्यांचे व्याजही जाते. हे व्याज शेवटी भरतो कोण? उत्तर आधीच सांगून टाकतो : तुम्ही आणि मी, आपल्या घरपट्टीतून.

महाडच्या बाजारपेठेत माझे पाइप, वायर, नळाच्या सामानाचे दुकान आहे. आजवर कोकणातल्या आणि घाटावरच्या लहान नगरपालिकांना, नगरपंचायतींना मी माल पुरवला आहे. कुठे बिल महिन्यात निघाले, कुठे दोन दिवाळ्या गेल्या. मला कोणाचे नाव घ्यायचे नाही, कारण हे दुखणे एका कार्यालयाचे नाही. ते पद्धतीचे आहे.

महाडसारखे गाव, २०११च्या जनगणनेत तीस हजारांच्या आतले, किंवा आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे त्याहून कितीतरी लहान पोलादपूर, जिथे ग्रामपंचायतीची नगरपंचायत होऊन फार वर्षे झालेली नाहीत, अशी गावे विकत काय घेतात? तुरटी आणि ब्लीचिंग पावडर, व्हॉल्व्ह आणि जॉइंट, रस्त्यावरचे दिवे, घंटागाडीचे टायर, छपाईचे कागद. शिवाय सेवा : जळालेली मोटार रिवाइंड करणे, गटारे उपसणे, कचरा उचलणे. म्हणजे सकाळी नळाला पाणी येते ते आणि रात्री कोपऱ्यावर दिवा लागतो तो, दोन्हींच्या मागे कुठल्या तरी दुकानदाराचे चलन असते.

हे चलन आणि त्याचे पैसे यांच्यामधला रस्ता मोठा वळणावळणाचा आहे. आधी मंजुरी, मग दरपत्रके किंवा निविदा, मग पुरवठा आदेश. माल पोचला की साठा नोंदवहीत नोंद, काम असेल तर मोजमाप पुस्तिकेत माप. मग देयक लेखापालाकडे, तिथून मुख्याधिकाऱ्यांच्या सहीला. यातली एकही पायरी वावगी नाही. पैसा जनतेचा आहे, तो तपासूनच दिला पाहिजे. पण पायऱ्या चढायला कुठे मुदत नसली की प्रत्येक पायरीवर फाइल विसावा घेते. आणि विसावलेली फाइल उठवण्यासाठी काय करावे लागते, हे वाचकांना मी सांगायला नको.

आता थोडे गणित करू. समजा, एक लाखाचा माल दिला आणि नफा धरला आठ टक्के, म्हणजे आठ हजार. बँकेच्या कर्जाचा दर बारा टक्के धरला आणि बिल नऊ महिन्यांनी निघाले, तर व्याजच नऊ हजार झाले. धंदा करून वर एक हजार खिशातून गेले. असा दुकानदार पुढच्या वेळी दोनच गोष्टी करतो. एक तर दरपत्रक भरतच नाही, किंवा लाखाच्या मालाला एक लाख पंधरा हजार लावतो. पहिल्या वेळी स्पर्धा संपते, दुसऱ्या वेळी गावाचे पंधरा हजार जातात. उधारी पालिकेने थकवली, पण तिचे व्याज घरपट्टीत वसूल झाले. आणि शेवटी टिकून राहतो तो एकच विक्रेता : ज्याला थांबणे परवडते आणि ‘टक्केवारी’ची वाट ठाऊक असते. सचोटीने वागणारा लहान माणूस या बाजारातून बाहेर फेकला जातो, हे माझे खरे दुःख आहे.

यावर कायदा नाही का? आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. कागदावर यापेक्षा कडक कलम कुठे मिळणार? पण गंमत अशी की, हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. २०२१ साली व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीची दारे उघडली, तीही केवळ प्राधान्याच्या कर्जापुरती. थकलेल्या बिलाचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. मोटार दुरुस्त करणारा कारागीर दाद मागू शकतो, तिची वायर विकणारा मी नाही. पुढे २०२३च्या वित्त कायद्याने आणखी एक चाप लावला : लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येणार नाही. खाजगी कंपन्यांची धावपळ उडाली. पालिकेला मुळात आयकरच नाही. तिला हा चाप लागणार कुठे?

आणि कायदा हातात असला तरी तो वापरायचा कोणी? आज तक्रार केली तर उद्या दरपत्रकाचा कागद आपल्याकडे येणार नाही, ही भीती लहान गावात खोटी नसते. इथे खरेदीदार एकच, आणि त्याच्याशी रोज गाठ.

पालिकेचीही बाजू ऐकली पाहिजे. पूर्वी जकात होती, रोज हातात रोकड येत होती. नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली आणि लहान गावे अनुदानाकडे डोळे लावून बसू लागली. अनुदान आले तरी ते बांधलेले असते. पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांना दिलेल्या पैशांपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवले होते. बँकेत शिल्लक दिसते, पण ती भलत्याच लेखाशीर्षात! शिवाय रिकामी पदे, लेखापरीक्षणाची टांगती तलवार. सही करून आक्षेप ओढवून घेण्यापेक्षा सही न करणे सुरक्षित, असे एखाद्या अधिकाऱ्याला वाटले तर त्याला एकट्याला दोष कसा द्यावा?

विक्रेतेही सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत. ब्लीचिंग पावडरचेच पाहा. ताज्या मालात साधारण ३० ते ३५ टक्के उपयोगी क्लोरीन असते. कोकणच्या दमट हवेत पोती पडून राहिली की ते उतरत जाते. वर्षाचा माल एकदम, सर्वांत कमी दराने घ्यायचा आणि गोदामात ठेवायचा, म्हणजे भाद्रपदात पाण्यात टाकायला निव्वळ चुनाच उरायचा. निविदेला कमी दर भरून असाच जुना माल गळ्यात मारणारेही आहेत. यावर उपाय म्हणजे वार्षिक दरकरार : दर एकदाच निविदेने ठरवायचा, माल महिन्याच्या महिन्याला ताजा मागवायचा आणि तपासून घ्यायचा. नियम मोडून खरेदीचे तुकडे पाडावे लागत नाहीत आणि लहान दुकानदारालाही तो पुरवठा झेपतो. पण दर महिन्याला माल हवा असेल तर दर महिन्याला पैसे दिले पाहिजेत.

२०१६पासून ‘जेम’ हे सरकारी खरेदीचे संकेतस्थळ आले. त्याने दर उघडे पडले, हे चांगलेच झाले. दिल्लीचा दिवा स्वस्त असेल तर गावाने तो जरूर घ्यावा. स्थानिक म्हणून महाग माल खपवावा, असे मी म्हणणार नाही. पण मध्यरात्री पंपाची मोटार जळते तेव्हा संकेतस्थळ शटर उघडत नाही. २२ जुलै २०२१ला सावित्रीचे पाणी महाडच्या पेठेत शिरले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूरच्या वाड्यांवरही माती आली. अशा वेळी निविदेविना तातडीने खरेदी करता येते. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ५० त्यासाठीच आहे. पण कायदा फक्त परवानगी देतो, माल देतो तो माणूस. ज्याचे मागचे बिल थकले आहे, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने दोरखंड आणि ताडपत्री मागायची? गावाची पत हीसुद्धा आपत्तीची तयारीच आहे.

मग करावे काय? मागणे फार मोठे नाही. आलेल्या प्रत्येक देयकाला तारखेचा क्रमांक द्यावा आणि न दिलेल्या देयकांची यादी दर महिन्याला पालिकेच्या फलकावर लावावी : तारीख, रक्कम, कोणत्या टेबलावर अडले. त्याच क्रमाने पैसे द्यावेत. क्रम मोडला तर कारण लिहावे. पैसे कोणत्या शीर्षातून देणार, हे आदेश काढतानाच नमूद करावे. आणि ४५ दिवसांची मुदत व्यापारी, कारागीर असा भेद न करता पाळण्याचा ठराव सभेने करावा. याला ना नवे अनुदान लागते, ना मंत्रालयाची परवानगी. एक फलक आणि चार टाचण्या पुरतात.

ठरावाचे नाव काढले की महाडकराला एक जुना ठराव आठवतोच. बोल्यांच्या ठरावाला अनुसरून इथल्या नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले, आणि त्यानंतर पालिकेने तो ठरावच मागे घेतला. न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. माणुसकीच्या त्या लढ्याशी दुकानदाराच्या बिलाची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. पण ठराव आणि अंमल यांत किती अंतर असते, हे या गावाला वेगळे शिकवावे लागत नाही.

निवडणुका लांबल्याने राज्यातल्या अनेक नगरपालिकांत काही वर्षे प्रशासक होते. डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर तिथे पुन्हा लोकांची सभा बसू लागली आहे. आपल्या प्रभागाचा नगरसेवक भेटला की रस्ता, गटार, दिवा यांबद्दल आपण विचारतोच. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : पालिकेकडे कोणाची किती बिले बाकी आहेत, आणि किती दिवसांची? दुकानदार मी असलो तरी ते देणे साऱ्या गावाचे आहे.