रंग झकास, पण कॅडमियमचे काय?

सणासुदीला टीव्हीच्या जाहिरातींत ‘क्वांटम डॉट’ हा शब्द हमखास दिसतो. २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रुस आणि येकिमॉव्ह यांना मिळाले, ते याच कणांसाठी. अर्धवाहक पदार्थाचे हे स्फटिक जेमतेम काही नॅनोमीटरचे. गंमत अशी, की पदार्थ तोच, पण कण लहान-मोठा झाला की रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे दोन नॅनोमीटरचा कण निळसर चमकतो, सहाचा तांबडा. बावेंडींच्या गटाने १९९३ मध्ये तापलेल्या द्रावकात रसायने एकदम सोडून एकसारखे कण बनवले, तेव्हा कुठे रंग हुकमी झाला. नमुन्यावर अतिनील प्रकाश टाकायचा आणि बाहेर पडणारी तरंगलांबी मोजायची. त्यावरून कणाचे माप कळते. पट्टा अरुंद, तर कण एका मापाचे.

‘नॅनोने कॅन्सरची गाठ दिसते म्हणे,’ असे ओपीडीत रुग्ण विचारतात. काचपट्टीवरच्या पेशी रंगवायला हे कण खरेच उत्तम. एकाच दिव्याखाली अनेक रंग चमकतात आणि नेहमीच्या रंगद्रव्यांसारखे लवकर फिके पडत नाहीत. पण शिरेतून टोचायचे म्हटले, की प्रश्न कॅडमियमचा. हा धातू मूत्रपिंडात साठतो आणि त्यातला निम्मा बाहेर पडायलाही दहा ते तीस वर्षे लागतात. जपानच्या जिंझू नदीकाठी खाणीतल्या कॅडमियमने भात नासला आणि लोकांची हाडे ठिसूळ होऊन मोडली. त्या दुखण्याचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये यकृताच्या पेशींवर दाखवले, की हवा किंवा अतिनील किरण लागले, तर कणांतून कॅडमियम सुटते आणि पेशी मरतात. झिंक सल्फाइडचे कवच दिले तर गळती घटते, पूर्ण थांबत नाही. म्हणून ‘वैद्यकीय उपयोग’ असा दावा करणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधात चमकीच्या आलेखाशेजारी गळतीचा आकडा हवा, असे माझे मत. तो क्वचितच दिसतो.

टीव्हीवाल्या अनेक कंपन्या आता इंडियम फॉस्फाइडकडे वळल्या आहेत. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे, शिशाला ०.१, म्हणजे दहापट सूट. नवा संच घेताना दुकानदाराला ‘कॅडमियम-फ्री आहे का?’ असे जरूर विचारा. जुना मात्र भंगारवाल्याकडे नको, नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या. पडदा हातमोज्यांशिवाय फोडणाऱ्या पोराची लघवी कोणी तपासत नाही.