साथ ओसरली, शिष्याचे काय?

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा विषय गुरुशिष्यसंवादातून येतो. कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी शिष्यांसह फिरत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास येऊ घातलेल्या संकटाची चाहूल देतात आणि औषधी वेळीच गोळा करावयास सांगतात. संकटापूर्वीच गुरू शिष्यासोबत आहे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आमच्या विद्यार्थ्यांची ही सोबत सुटली. रचनाशारीरातील शवविच्छेदन अनेकांनी मोबाईलच्या पडद्यावर पाहिले. नाडी, जिव्हा, स्पर्श यांची परीक्षा जेथे शिकावयाची, ती रुग्णशय्या दूर राहिली. परीक्षा लांबणीवर पडत गेल्या. आंतरवासितेतील कित्येक जण कोविड केंद्रांत रुजू झाले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूची टंचाई असताना त्यांनी ऐन विशी-पंचविशीत मृत्यू जवळून पाहिला. आपल्यामुळे आईवडिलांना संसर्ग होईल, ही धास्ती निराळीच.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मनावरील आघात मात्र घोषणेने संपत नाहीत. त्या वेळचे विद्यार्थी आज वैद्य म्हणून व्यवसायात उतरले आहेत. रुग्णास हात लावताना ‘आपण खरोखर शिकलो का?’ ही शंका त्यांतील अनेकांस छळते. ते ती बोलून दाखवीत नाहीत. कारण वैद्याने खचू नये, असे आम्हीच त्यांस शिकविले.

चरकोक्त त्रिविध औषधांत सत्त्वावजयाची गणना आहे. परीक्षेत आम्ही त्यावर टीपा लिहवून घेतो. पण स्वतःच्या शिष्यासाठी त्याचा उपयोग करावयास विसरलो, हे आम्ही मान्य केले पाहिजे.

यास्तव आमची सभासदांस नम्र सूचना आहे. प्रत्येक ज्येष्ठ वैद्याने निदान दोन तरुण वैद्यांना आठवड्यातून एक दिवस आपल्या चिकित्सालयात शेजारी बसवावे. हुकलेले प्रत्यक्ष ज्ञान त्यामुळे मिळेल, आणि मनातले बोलावयास जागाही. मात्र निद्रानाश, दीर्घकाळचा विषाद वा जगणे नकोसे झाल्याची भाषा आढळल्यास केवळ उपदेशावर वा ब्राह्मी-शंखपुष्पीवर विसंबू नये. मानसरोगतज्ज्ञाकडे स्वतः सोबत जावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

पुढील साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आमचा शिष्य एकटा नसावा, एवढी तजवीज आजच आमच्या हाती आहे.