गार सूप आणि अब्बांची भूक

मे महिना आला की आमच्या घरी दुपारचे जेवण म्हणजे मनधरणी. अब्बांचे वय 78. ‘भूक नाही’ म्हणत ताट सरकवतात. वरणभात दोन घास, ताक दोन घोट, संपले. पाऊस येईपर्यंत सदरे सैल झालेले असतात. डॉक्टर म्हणाले, नुसते पाणी पाजून भागणार नाही, पोटात अन्नही जायला हवे.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात गास्पाचो करून पाहिले. पहिला घोट घेऊन अब्बा म्हणाले, “बेटा, सूप गार झालंय, गरम करून आण.” मुले हसत सुटली. हे गारच प्यायचे असते, हे पटवायला दोन दिवस गेले.

गास्पाचो दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचे, म्हणजे जुन्या अंदलुसचे. तिथला उन्हाळाही आपल्या विदर्भासारखा भाजून काढणारा. शेतमजूर शिळा पाव, लसूण, मीठ, तेल आणि सिरका कुटून त्यात पाणी घालत. तेच दुपारचे जेवण. टोमॅटो आणि ढोबळी मिरची अमेरिकेतून नंतर आली. त्याआधीच्या वळणाचे बदाम-लसणाचे पांढरे गार सूप मालागाकडे आजही करतात आणि वर द्राक्षे घालतात. कलिंगडाला स्पॅनिशमध्ये ‘सांदिया’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ ‘सिंधचे’. म्हणजे हे फळ तिकडेही आपल्या बाजूचेच मानले गेले!

चौघांसाठी साहित्य : लालबुंद पिकलेले टोमॅटो अर्धा किलो, बिया काढलेले कलिंगड 2 वाट्या, काकडी 1, ढोबळी मिरची अर्धी, छोटा कांदा पाव, लसूण 1 पाकळी, शिळा पाव 1, सिरका 1 मोठा चमचा, जैतूनचे तेल 3 मोठे चमचे, मीठ.

कृती : पाव थोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. काकडी आधी चाखा; एक कडू निघाली तर सगळे भांडे वाया जाते. तेल सोडून बाकी सर्व मिक्सरमधून अगदी बारीक करा. मग मिक्सर चालू ठेवून तेल बारीक धारेने सोडा. लाल रंग केशरी होऊ लागला की मिश्रण मिळून आले समजा. घरात वयस्कर कुणी असेल तर गाळून घ्या. टोमॅटोची साल घशात अडकते. दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. गार झाल्यावर चव मंदावते, म्हणून वाढण्याआधी पुन्हा चाखा. वरून काकडी आणि कलिंगडाचे बारीक तुकडे घाला.

जैतूनचे तेल महाग वाटले तर सूर्यफुलाचे घ्या. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास इथे वरचढ होतो. सिरका नसेल तर लिंबू पिळा. पाव मात्र वगळू नका. त्यानेच सूप दाट होते आणि पोटाला आधार मिळतो.

भगिनींनो, हे सूप शिजत नाही, म्हणून स्वच्छतेत कसूर नको. भाज्या नीट धुवा, कलिंगड अख्खे आणून घरीच कापा, बाजारचा बर्फ घालू नका. फ्रीजमध्ये ठेवूनही दुसऱ्या दुपारपर्यंत संपवा; मध्ये बराच वेळ वीज गेली तर जीव न लावता ओतून द्या. मधुमेह असेल तर कलिंगड कमी करून काकडी वाढवा. अब्बांना रक्तदाब आहे, म्हणून त्यांच्या वाटीत मीठ नावालाच.

पूर्ण ताट ते अजूनही जेवत नाहीत. पण परवा दुपारी वाटी रिकामी करून त्यांनी विचारले, “आज ते गार झालेलं सूप अजून आहे का?” मी गुपचूप दुसरी वाटी भरली.