विश्लेषण : अ‍ॅक्वेरियममधल्या वनस्पती छाटल्यावर जातात कुठे?

नोव्हेंबर २०२०. कोरोनाच्या बातम्यांनी वैतागलेल्या सोशल मीडियावर केरळचे काही फोटो तुफान व्हायरल झाले. कोळिकोड जिल्ह्यात पेरांब्राजवळ आवळा पांडी नावाचा भाग आहे. तिथला एक ओढा काठोकाठ गुलाबी फुलांनी भरला होता. पाणी दिसतच नव्हतं, दिसत होता फक्त गुलाबी गालिचा. लोक गाड्या काढून तिथे पोहोचले, सेल्फी झाले, रील्स झाले.

मग वनस्पती अभ्यासक बोलू लागले आणि मूड बदलला. ही वनस्पती होती कबोम्बा फर्काटा. मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. पाण्याखाली दाट वाढते, स्थानिक वनस्पतींचा प्रकाश अडवते, ओढ्याचा प्रवाह मंदावते. ती भारतात आली कशी? अभ्यासकांचं बोट जातं ते अ‍ॅक्वेरियमच्या व्यापाराकडे. म्हणजे कुणाच्या तरी हॉलमधल्या काचेच्या टाकीतली शोभा ओढ्यात उतरली होती.

आज हे आठवण्याचं कारण म्हणजे इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर चाललेली 'प्लांटेड टँक'ची चलती. दोन प्लास्टिकची झाडं, निळे दगड आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, हा फिश टँक आता जुना झाला. आता टाकीत डोंगर असतात, दरी असते, हिरवळ असते. मासे त्यात नावापुरते. आणि हा छंद लागलेल्या माणसाच्या घरी एकच टाकी सहसा राहत नाही.

हे अ‍ॅक्वास्केपिंग आलं कुठून?

पाण्याखाली बाग करण्याची जुनी परंपरा नेदरलँड्सची. तिथे वेगवेगळ्या रंगांच्या वनस्पती फुलांच्या वाफ्यांसारख्या रांगेत लावायचे. पण आजच्या रील्समध्ये दिसतो तो प्रकार जपानचा, आणि त्याचं श्रेय जातं ताकाशी आमानो यांना. आमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होते, मग निसर्ग छायाचित्रकार झाले. त्यांनी १९८२ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि टाकीकडे निसर्गचित्रासारखं पाहायला लोकांना शिकवलं. २००१ पासून त्यांच्या कंपनीने सुरू केलेल्या स्पर्धेत जगभरातून टाक्यांचे फोटो येतात. लिस्बनच्या मत्स्यालयातली ४० मीटर लांबीची त्यांची टाकी २०१५ मध्ये खुली झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमानो गेले.

या टाकीचं शास्त्र तसं सोपं आहे. वनस्पतीला प्रकाश हवा, कार्बन डायऑक्साइड हवा आणि खत हवं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून हौशी लोक सिलिंडर लावून तो बारीक बुडबुड्यांतून सोडतात. तळाला साध्या वाळूऐवजी पोषक माती असते, वर ६ ते ८ तास एलईडी. नवी टाकी लावली की मासे सोडायला घाई करायची नसते. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण महिना-दीड महिना लागतो. पहिल्याच आठवड्यात मासे मेले म्हणून टाकी माळ्यावर टाकणारे बहुतेक लोक याच ठिकाणी चुकलेले असतात.

एकाच्या चार टाक्या का होतात?

हा छंद असणाऱ्यांमधला हा नेहमीचा विनोद, पण त्यामागे व्यवहार आहे. नवीन आणलेले मासे काही आठवडे वेगळे ठेवायचे म्हणून एक टाकी. झिंगे म्हणजे श्रिम्प मोठ्या माशांच्या तोंडी पडू नयेत म्हणून दुसरी. आणि मोठ्या टाकीतली छाटणी फेकवत नाही, म्हणून तिसरी.

खर्चाचा अंदाज घेतला तर ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण १८० लिटर पाणी बसतं. म्हणजे १८० किलो वजन, त्यावर काच, माती आणि दगड. टीपॉयवर ठेवण्याचं हे काम नाही. ४० वॉटचा दिवा ८ तास आणि १५ वॉटचा फिल्टर दिवसभर चालला तर महिन्याला एका टाकीची वीज २० युनिटच्या आसपास जाते. चार टाक्या म्हणजे ८० युनिट. एवढ्यात महावितरणच्या बिलातला १०० युनिटचा टप्पा सहज ओलांडला जातो. दर आठवड्याला तिसरा हिस्सा तरी पाणी बदलावं लागतं, आणि ज्या शहरात टँकर येतात तिथे घरच्यांचे टोमणे त्यावर फुकट मिळतात.

पण विजेचा किंवा पाण्याचा खर्च हा या छंदातला खरा प्रश्न नाही. तो येतो कात्री हातात घेतल्यावर.

छाटणीत एवढं काय आहे?

टाकीत उभ्या वाढणाऱ्या बहुतेक वनस्पती गुलाबाच्या छाट कलमासारख्या वागतात, फक्त त्याहून कितीतरी सोप्या. शेंडा कापून मातीत खोचला की तो मूळ धरतो. खाली राहिलेल्या खोडाला पेरातून नवे फुटवे येतात, अनेकदा दोन. म्हणजे एका काडीच्या पुढच्या वेळी तीन होतात. कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर प्रकाश दिलेल्या टाकीत ही कात्री दर दोन-तीन आठवड्यांनी चालवावी लागते. चार टाक्या असतील तर रविवारी संध्याकाळी बादली भरलेली असते.

आणि इथेच सगळी मेख आहे. दुकानदार 'मरणार नाही, लवकर भरेल, नवख्यांनी हीच घ्या' असं सांगून जी वनस्पती विकतो, तिचा हाच गुण तिला टाकीबाहेर धोकादायक बनवतो. बी लागत नाही, परागीकरण लागत नाही, बोटभर तुकडा पुरतो. साल्व्हिनिया मोलेस्टा ही तरंगणारी वनस्पती तर वंध्य आहे, तिच्यापासून नवं रोप बीजाणूंनी तयार होत नाही. तरीही ती निव्वळ तुकड्या-तुकड्यांनी अर्ध्या जगात पसरली. केरळमध्ये तिने कालवे आणि भातखाचरं झाकून टाकली, आणि शेवटी १९८० च्या दशकात तिला खाणारा एक छोटा भुंगा सोडून ती आटोक्यात आणावी लागली.

बादलीतली छाटणी कमोडमध्ये फ्लश झाली किंवा सोसायटीमागच्या नाल्यात गेली तर पुढचा प्रवास ओळखणं अवघड नाही. आपल्याकडे नाला आणि नदी यांच्यात बरेचदा काहीच नसतं.

आपल्या शाळेतली वनस्पती अमेरिकेची डोकेदुखी कशी झाली?

परदेशी वनस्पती इथे येऊन त्रास देतात, एवढीच ही गोष्ट नाही. प्रकाशसंश्लेषणाचा तो प्रयोग आठवा. चंचुपात्रात पाणी, त्यात उलटं नरसाळं, वर परीक्षानळी आणि आत हायड्रिला. ही हायड्रिला आपल्याकडची, भारत आणि श्रीलंकेच्या तळ्यांत निमूटपणे राहणारी. १९५० च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून ती श्रीलंकेतून फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या कालव्यांत सुटली. आज ती अमेरिकेतल्या सर्वात त्रासदायक पाणवनस्पतींपैकी एक मानली जाते आणि ती काढायला दरवर्षी लाखो डॉलर खर्च होतात. वनस्पती तीच. तिला खाणारे कीटक आणि तिच्याशी स्पर्धा करणारे शेजारी मात्र मागे राहिले.

महाराष्ट्राला याचा अनुभव वेगळा द्यायला नको. पुण्यात मुळा-मुठा आणि पवना, कोल्हापुरात रंकाळा, सोलापूरकडे उजनी. जलपर्णी काढण्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ही जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली ती तिच्या जांभळ्या फुलांसाठी, शोभेची म्हणून. पुढे तिने भातशेती आणि जलमार्ग इतके अडवले की बंगालमध्ये १९३६ साली खास तिच्यासाठी कायदा करावा लागला.

मग सगळा दोष छंद करणाऱ्यांचा?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. जलपर्णी पुण्याच्या नदीत एवढी माजते कारण नदीत सांडपाणी जातं. टाकीत हौशी माणूस मोजून मिलिलिटरमध्ये जे नायट्रेट आणि फॉस्फेट घालतो, तेच शहर नदीला रोज फुकटात देतं. सांडपाणी थांबवल्याशिवाय नुसती जलपर्णी काढत राहणं म्हणजे बाथरूमचा नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

शिवाय सामान्य माणसाला यातला धोका कळावा तरी कसा? डास मारण्यासाठी गप्पी मासे सोडा, असं सरकारी भिंतींवर अनेक वर्षं लिहिलेलं आहे. गप्पी मासा स्वतः दक्षिण अमेरिकेचा. सरकारच परदेशी मासा डबक्यात सोडायला सांगत असेल, तर घर बदलताना आपल्या टाकीतला मासा तलावात सोडणाऱ्याला आपण पुण्यच करतोय असं वाटलं तर नवल नाही. तो मासा सकरफिश असेल तर त्या पुण्याचा हिशोब उजनीच्या मच्छीमारांना विचारावा. काच साफ करतो म्हणून बोटभर आकाराचा असताना घेतलेला हा मासा हातभर वाढतो. अंगावर कडक खवल्यांचं चिलखत, काटेरी पर. जाळ्यात आला की जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

व्यापाराचाही वाटा आहेच. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत टाकीत ठेवायच्या शेवाळाच्या गोळ्यांमध्ये झेब्रा शिंपले सापडले. पाण्याचे पाइप बुजवून टाकणारा हा शिंपला अनेक राज्यांतल्या दुकानांतून लोकांच्या घरी पोहोचला होता. तिथल्या यंत्रणांनी तेव्हा लोकांना सांगितलं की हे गोळे २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा किंवा किमान एक मिनिट उकळा, आणि मगच कचऱ्यात टाका.

कायदा काय म्हणतो?

युरोपियन युनियनने २०१६ मध्ये आक्रमक परकीय प्रजातींची पहिली यादी काढली. त्यात जलपर्णी होती आणि कबोम्बाची एक जातही. यादीतली वनस्पती विकायची नाही, वाढवायची नाही, बाळगायचीही नाही. भारतात परदेशातून वनस्पती आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परवानगी लागते. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात सुधारणा झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार आणि त्या बाळगणं यावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला दिला.

कागदावर हे ठीक आहे. पण मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात पाण्याच्या पिशवीत मिळणाऱ्या जुडीवर नाव कुठे असतं? 'रेड प्लांट', 'ग्रास', फार तर 'कबोम्बा'. नेमकी जात दुकानदारालाही माहीत नसते. घरच्या बादलीवर पहारा बसवता येत नाही, तेव्हा लेबल सक्तीचं करणं हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

उलट दिशेचा प्रश्नही आहेच. बोर्निओच्या ओढ्यांतच उगवणारी बुसेफॅलँड्रा ही वनस्पती आज जगभरच्या टाक्यांत आहे आणि तिची बरीच रोपं थेट खडकांवरून खरवडून आणलेली असतात. आपल्याकडे रोटाला वंशाच्या काही जाती सह्याद्रीच्या कातळसड्यांवर, पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात उगवतात. त्या तिथून उपटून आणण्याची गरज नाही. प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपं आता बंद डबीत मिळतात. महाग असतात, पण त्यांच्यासोबत गोगलगायी आणि शेवाळ येत नाही.

घरी टाक्या असतील तर नेमकं काय करायचं?

छाटलेलं सगळं जाळीतून गाळून घ्यायचं आणि जुन्या वर्तमानपत्रावर पसरून कडक उन्हात वाळवायचं, हाताने चुरा होईपर्यंत. मगच कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात. अर्धवट सुकलेली काडी पाण्यात पडली की पुन्हा हिरवी होऊ शकते, म्हणून पावसाळ्यात वाळवण्यापेक्षा पिशवीत भरून एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवणं बरं (घरच्यांना आधी सांगून, नाहीतर कुणीतरी पालक समजेल). टाकीतून काढलेलं पाणी झाडांना उत्तम खत असतं. ते कुंड्यांना घातलं की त्यातले तुकडे आणि गोगलगायींची अंडी नाल्यापर्यंत जात नाहीत.

छाटणी दुसऱ्या हौशी माणसाला दिली तर तिचं नावही सोबत द्यावं. नवीन जुडी आणल्यावर तुरटीच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य पाण्यात बुडवून, धुऊन मगच टाकीत लावायची. मासे नको झाले तर दुकानदाराला परत द्यायचे. पैसे देत नाही तो, पण घेतो बहुतेक वेळा. आणि गच्चीतल्या टबात फुलांसाठी जलपर्णी ठेवली असेल, तर पावसाळ्यात तो टब भरून वाहतो तेव्हा त्याचं पाणी कुठल्या पाइपने कुठे जातं, ते एकदा गच्चीवर जाऊन पाहावं.