पझेशन घेताय? आधी वर बघा

फेब्रुवारीतली गोष्ट. माझी मावसबहीण आणि भावोजी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, चंदापुराच्या बाजूला घेतलेल्या रो हाउसचं पझेशन घ्यायला निघाले होते. "तू फक्त यादी लिहून घे," असं म्हणून ताईने मलाही नेलं. सोबत तिचे सासरे होते, कुडाळचे. आम्ही दोन तास नळ सोडून पाहिले, स्विच दाबले, नाण्याने टाइल वाजवून कुठली पोकळ आहे ते शोधलं. घर चकाचक होतं. सही करायचीच बाकी होती, तेवढ्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या बाबांनी हाक मारली, "गो, हे खिळे भायर कशे दिसतत?"

वर बघायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बेंगळुरूत बहुतेक घरांना सपाट गच्चीच असते. पण हल्ली व्हिला आणि रो हाउसमध्ये जिन्यावर, पोर्चवर उतरतं छप्पर करतात आणि त्यावर शिंगल बसवतात. शिंगल म्हणजे काचतंतूंच्या जाळीवर डांबराचा थर आणि वरून बारीक रंगीत खडे. दिसायला छान, वजनाला हलकं. आपल्याकडच्या मंगलोरी कौलाशी (बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासूनचं हे कौल) त्याची तुलना केली तर एक फरक लगेच जाणवतो. कौल सरकलं की आतून उजेड दिसतो, आणि एक कौल बदललं की काम झालं. शिंगलखाली स्लॅब किंवा बोर्ड असतो. चूक झाकली जाते, आणि पाणी शिरतं एकीकडे, ओल दिसते दुसरीकडेच.

तर खिळे. प्रत्येक शिंगलवर खिळे मारायची एक पट्टी ठरलेली असते. साधारण चार खिळे, जोराच्या वाऱ्याच्या ठिकाणी सहा. तिथेच मारले तर वरची ओळ त्यांची डोकी झाकते. पट्टीच्या खाली मारले तर डोकी उघडी राहतात, गंजतात, आणि पाणी खिळ्याच्या कडेने आत उतरतं. वर मारले तर शिंगलची पकड सैल होते, वाऱ्याने उचलली जाते. खिळा तिरका गेला किंवा इतका जोरात ठोकला की डोकं शिंगल चिरून आत रुतलं, तरी तेच. ताईच्या छपरावर एका पाख्यात सात-आठ डोकी उन्हात चमकत होती. मोबाइलचा झूम लावून फोटो काढले. उतरत्या छपरावर स्वतः चढू नका. समोरच्या घराची गच्ची मिळाली तर पुरे.

त्याच फोटोंत आणखी दिसलं. एका ओळीचा सांधा खालच्या ओळीच्या सांध्यावरच आला होता. विटांच्या भिंतीत सांधे चुकवतात, तसेच इथेही चुकवायला हवेत, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. काही कडा उचललेल्या होत्या. शिंगलखाली चिकट पट्टी असते, ती उन्हाच्या उष्णतेने धरते, पण बसवताना धूळ बसली असेल तर धरत नाही. आणि आजूबाजूला बांधकामं चालू असताना धुळीला काय तोटा!

सगळ्यात वाईट जागा मात्र छप्पर भिंतीला मिळतं ती. तिथे पत्र्याची वाकवलेली पट्टी हवी, तिची वरची कड गिलाव्याखाली गेलेली. इथे नुसती सिलिकॉनची जाडजूड रेघ ओढली होती. ती काही उन्हाळ्यांत तडकते. पाइप छपरातून बाहेर येतो तिथेही हेच बघा. उतार अगदी कमी वाटला तर विचारा: 12 फुटांच्या आडव्या अंतरात 4 फूट चढ असेल तर ठीक, त्याहून कमी असेल तर खाली जादा थर लागतो, आणि 2 फुटांहून कमी असेल तर शिंगल नकोच.

साइट इंजिनीअर म्हणाला, "सर, शिंगलला कंपनीची वॉरंटी आहे." अशी वॉरंटी बहुधा मालाची असते, चुकीच्या बसवणीची नसते. वॉरंटीचा कागद मागून वाचा.

जानेवारी ते मार्चमध्ये पझेशन घेतलं की छत कोरडं ठणठणीत दिसतं. इथे मेमध्ये वळीव येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस तर बहुधा सगळ्यांत जोराचा. तोवर थांबणं शक्य नसतं, म्हणून भावोजींनी बागेचा पाइप मागवला. पाणी खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्यायचं, प्रत्येक जागी काही मिनिटं, आणि आत एकाने टॉर्च घेऊन उभं राहायचं. धार वरून खाली पडू द्यायची, शिंगलखाली घुसवायची नाही. पाणी भिंतीच्या सांध्यापाशी पोचलं आणि थोड्या वेळाने जिन्यातून ताईचा आवाज आला. नव्या रंगावर हाताएवढा काळपट डाग उमटला होता.

त्या दिवशी सही झाली नाही. फोटो, तारीख आणि प्रत्येक दोष लिहून बिल्डरला ईमेल केला. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पण एकदा राहायला गेल्यावर, सामान लागल्यावर पाठपुरावा करायला अंगात त्राण राहत नाही, हे भावोजींचं म्हणणं मला पटलं. स्वतः ठेकेदार लावून घर बांधत असाल, तर गळतीची जबाबदारी किती वर्षं ते करारातच लिहून घ्या.

दुरुस्तीला पाच आठवडे गेले. म्हणजे एका महिन्याचं भाडं आणि गृहकर्जाचा हप्ता, दोन्ही एकदम. ताई चिडली होती, आणि तिचं चुकत नव्हतं. एक अख्खं पाखं उकलून पुन्हा बसवलं, भिंतीला पत्रा घातला, परत पाइप लावून बघितलं. मग किल्ली घेतली. बाबा आता कुडाळला आहेत. बेंगळुरूत पाऊस झाल्याची बातमी लागली की त्यांचा फोन येतो, आणि ताई बोलत बोलत जिन्यातला दिवा लावते.